शरयू आत्याचा घाणा

"कान लावून बघ. तुला आवाजावरून कळेल," श्रीरंगदादा म्हणाला.

मी कान लावला नाही. मागच्या व्हरांड्यात पाऊल टाकल्यापासून तो आवाज ऐकतच होते. आडवा लोखंडी ड्रम दोन रुळांवर सावकाश फिरत होता. आतले दगड चढत होते, कलत होते, पुन्हा घसरत होते. लांब कुठेतरी कुणी न थांबता तांदूळ पाखडत असावं, तसा तो आवाज. लहानपणी मे महिन्यातल्या दुपारी याच व्हरांड्यात चटईवर पडून मी तो ऐकत झोपायचे, आणि झोपेत मला वाटायचं की हे घरच हळूहळू कुठेतरी चाललं आहे.

"झालेत का?"

"उघडल्याशिवाय कसं सांगू, दादा?"

"मग उघड. एवढं जिऑलॉजीत एम.एस्सी. केलंस, घरच्यांना एकदा तरी उपयोग होऊ दे त्याचा."

"तिला आधी पाणी पिऊ दे रे," स्वयंपाकघरातून आत्या म्हणाली. "स्टेशनवरून थेट ड्रमपाशी नेऊन उभी केलीस."

"आई, दिवाळीनंतर टाकलेत हे दगड. आता चैत्र संपत आला. एव्हाना कोंब फुटले असते त्यांना."

"फुटले की कळवते हो तुला."

दादा माझ्याकडे बघून हसला, पण त्या हसण्यात दमलेपणा होता. मी पुन्हा आवाज ऐकला. तो भरलेला, मऊ, एकसारखा होता, कुठेही मोकळं टकटकणं नव्हतं. मला काहीतरी खटकलं; काय, ते लगेच लक्षात आलं नाही.

शरयू आत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचं घर श्रीरामपूरला, पाटाजवळच्या सोसायटीत. आमच्याकडे कालव्याला पाट म्हणतात. तिचे यजमान भाऊकाका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. हा ड्रम त्यांनीच बनवला होता: भंगारातली मोटर, आतून ट्रकच्या ट्यूबच्या रबराचं अस्तर, झाकणाला चार बोल्ट. त्या भागात नवी विहीर खणली की सुरुंगाने फोडलेल्या काळ्या पाषाणाचे ढीग बाहेर पडतात, आणि त्या पाषाणाच्या पोटात गारगोट्या असतात. वरून मळकट, खडबडीत. आत कधी दुधी, कधी विटकरी, कधी अकीकाचे पट्ट्यावर पट्टे. भाऊकाका सुट्टीच्या दिवशी त्या सायकलच्या कॅरिअरवर लादून आणायचे आणि पाणी नि कार्बोरंडमची, म्हणजे दगड घासायची, पूड घालून ड्रममध्ये फिरवायचे. आधी जाड पूड, मग मध्यम, मग बारीक, शेवटी पॉलिशची पांढरी पूड. दर वेळी दगड, ड्रम, चाळण, हात, सगळं स्वच्छ धुवायचं, कारण जाड पुडीचा एखादा कण जरी शेवटपर्यंत राहिला तरी सगळे दगड ओरखडतात. एका वेळी टाकलेल्या दगडांना आत्या घाणा म्हणायची, पुऱ्यांचा म्हणतात तसा. भाऊकाकांना ते अजिबात खपायचं नाही. ते 'लॉट' म्हणायचे.

ते गेले त्या दिवशीही ड्रम फिरत होता. माणसं बाहेर सतरंजीवर बसली होती आणि मागून तो आवाज येत होता. कुणीतरी उठून बटणाकडे हात नेला, तेव्हा आत्या दिवसभरात पहिल्यांदा बोलली.

"राहू दे. त्यांनी लावलाय."

तेरावा झाल्यावर श्रीरंगदादा म्हणाला, आई, ठाण्याला चल. ती म्हणाली, हा घाणा निघाला की येते. यावर कुणी काय बोलणार? मेधावहिनीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. घाण्याला फार तर दीड-दोन महिने लागतात. पण संक्रांत गेली, शिवरात्र गेली, पाडवा गेला, आणि दर फोनला आत्याचं उत्तर एकच: अजून व्हायचेत.

"मला तिची काळजी वाटते, वैजू," दादा आता खाली आवाजात म्हणाला. "गोळ्या विसरते. मागे शेजारच्या काकूंचा फोन आला होता, दार सताड उघडं टाकून आई सकाळीच कुठेतरी निघून गेली. बऱ्याच वेळाने आली, साडीला माती. विचारलं तर म्हणे, सहज गेले होते. बाबांच्या मागे ती... तुला कळतंय ना, मी काय म्हणतोय ते?"

"कळतंय."

"जूनपासून एक मास्तर सहकुटुंब राहायला येतायत इथे. मी शब्द दिलाय त्यांना. मी आत्ता टेम्पोवाल्याकडे जाऊन येतो. तू उघडून बघ. झाले असतील तर धुऊन ठेव, उद्या सामान हलवू. तू सांगितलंस तर ती ऐकेल. तुझं शास्त्र आहे ते."

तो गेला. फाटक वाजलं.

आत्याने मला बादली आणून दिली, चाळण आणून दिली, बसायला पाट दिला. हे सगळं माझ्याकडे न बघता.

"मी चहा टाकते," ती म्हणाली.

"आत्या, बंद करू ना?"

"उघडायचा तर बंद करावाच लागेल." आणि ती आत गेली.

मी बटण दाबलं. ड्रम अर्धा फेरा फिरला आणि थांबला. इतक्या वर्षांत मी या घरात ती शांतता ऐकली नव्हती. आधी पेरूच्या झाडावरचा बुलबुल ऐकू आला, मग नळाचं ठिबकणं, मग रस्त्यावरच्या मुलींचं भांडण, मग पार लांबून पाटाचं पाणी. एकेक आवाज पुढे येऊन उभा राहत होता. गाडी मधल्याच स्टेशनवर थांबावी आणि डब्यातल्या माणसाला एकदम बाहेरचं जग दिसावं, तसं काहीसं झालं होतं. ऊन व्हरांड्याच्या फरशीवर अर्ध्यापर्यंत आलं होतं. ते हलत नाही असं वाटत होतं.

मी बोल्ट सैल केले आणि झाकण उचललं. आणि तेव्हा मघाचं खटकणं पुन्हा आलं, या वेळी स्पष्ट.

बंद ड्रममध्ये दगड दीर्घकाळ फिरत राहिले की आत वायू साठतो. झाकण उघडताना फुस्स असा आवाज येतो, कधीकधी झाकण फुगतंसुद्धा. आवाज आला नाही. शिवाय दिवाळीपासून झिजणारे दगड एव्हाना बरेच लहान व्हायला हवे होते, ड्रम अर्धा रिकामा होऊन आत टकटक व्हायला हवी होती. तो काठोकाठ नसला तरी चांगला भरलेला होता. मी चिखल चिमटीत घेऊन चोळला. त्यातले कण बोटाला टोचले. ही जाड पूड होती, आणि ती नवी होती.

मी दगड चाळणीत घेतले, बादलीत बुडवून बुडवून धुतले, गोणपाटावर पसरले.

नदीतल्या गोट्याची गोलाई बघून तो उगमापासून किती लांब आला असावा याचा अंदाज करायला आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. कडा शाबूत असतील तर जवळचा. कडा मोडल्या पण तोंडं सपाट असतील तर थोडा पुढचा. अंड्यासारखा झाला असेल तर खूप लांबचा. ती सवय हाताला होती. मी दगड उचलत गेले आणि गोलाईप्रमाणे ओळीने मांडत गेले. पहिल्या ओळीत गुळगुळीत, लहान, सुपारीएवढे. त्यांच्याखाली जरा मोठे. त्यांच्याखाली नुसत्या कडा गेलेले. हात चालत राहिला आणि ओळी वाढत गेल्या. शेवटच्या ओळीत ताजे फुटलेले धारदार तुकडे होते, साल तशीच, खाचेत विहिरीची पिवळी माती.

एका घाण्यात सगळे दगड एकाच वयाचे असतात. इथे तर महिने ओळीने पसरले होते.

चूक झाली असेल, हा माझा पहिला विचार. एकटी बाई, ड्रम कमी भरलेला वाटला, टाकले असतील चार दगड. मग मी पुन्हा ओळी मोजायला लागले आणि मध्येच थांबले. चूक इतक्या नेमाने होत नाही.

आत्या चहाचे कप घेऊन माझ्या मागे येऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिने गोणपाटाकडे बघितलं. मग कप फरशीवर ठेवून ती वाकली, तिसऱ्या ओळीतला एक विटकरी गोटा उचलला आणि वरच्या ओळीत ठेवला.

"हा होळीच्या आधीचा," ती म्हणाली. "कठीण जातीचा आहे. झिजत नाही लवकर."

मी तिच्याकडे बघितलं. ती खाली बसली, चहाचा कप हातात घेतला आणि फुंकर घालत राहिली.

"आत्या, काकांचे दगड कुठे आहेत?"

"ते केव्हाच निघाले. संक्रांतीच्या आत."

"आणि?"

"गल्लीतल्या पोरींना वाटले. सागरगोटे खेळतात त्यांनी."

मला हसू आलं. भाऊकाका आम्हाला न धुतलेल्या हाताने त्यांचे दगड शिवू द्यायचे नाहीत. आत्याही हसली, पदराने तोंड झाकून.

"चांगले झाले होते?"

"आरशासारखे. त्यांच्या हातून कधी झाले नव्हते तसे. बारीक पुडीला त्यांना दम निघायचा नाही, वैजू. झालं झालं म्हणून उतरवायचे. मी म्हणायचे, अजून आठवडा जाऊ द्या. तर म्हणायचे, तू चाळण धर."

"मग दादाला सांगितलं का नाहीस?"

"सांगायलाच निघाले होते. पाटापलीकडच्या बूथवरून फोन करायला. पाटाच्या कडेने जात होते तर एक दिसला." तिने कप खाली ठेवला आणि हाताने आकार दाखवला. "एवढा. मळकट, बटाट्यासारखा. इतकी वर्षं घरात दगडच दगड, पण मी आपणहून एकही उचलला नव्हता कधी. ते आणायचे, मी धुवायचे. मी इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. उचलला, थुंकी लावून पुसला, तर कोपऱ्यात जरासा निळा. आता याच्या पोटात काय आहे ते बघितल्याशिवाय ठाण्याला कशी जाऊ?"

"मग?"

"मग एका दगडाने ड्रम भरतो का?"

ती हे इतक्या सरळपणे म्हणाली की मी मान डोलावली. खरंच भरत नाही. ड्रम कमी भरला तर दगड आपटून फुटतात.

"पहिल्यांदा ड्रम भरला तोवर आणखी सापडले," ती म्हणाली. "ते टाकले तर आधीच्यांचं काम मागे पडलं. पुन्हा जाड पुडीपासून सुरुवात. मला माहीत होतं काय करतेय ते. सकाळी जाते, ऊन चढायच्या आत. पाटापलीकडे विहीर चाललीय. पहिल्यांदा तिथली माणसं हसली. आता बाजूला काढून ठेवतात. आजी, हा बघा चमकतोय म्हणतात. बहुतेक वेळा काही नसतं त्यात."

"दादाला वाटतंय, तू काकांसाठी थांबली आहेस."

"वाटू दे असंच म्हटलं मी." ती आता हसत नव्हती. "नवऱ्यासाठी थांबलेय म्हटलं की सगळे गप्प बसतात. मान खाली घालतात. माझं मलाच इथे राहायचंय, सकाळी उठून दगड बघायला जायचंय म्हटलं असतं, तर आधी डॉक्टरकडे नेलं असतं मला."

ऊन आमच्या पायांपर्यंत आलं होतं. ओले दगड वाळत होते, आणि वाळताना त्यांचे रंग एकेक करून आत जात होते. निळसर, मग राखी, मग नुसता दगड. मी ओंजळीने पाणी शिंपडलं. रंग परत आले.

"तू काय सांगणार आहेस त्याला?" आत्याने विचारलं.

मी ठरवून टाकलं होतं. "अजून झालेले नाहीत, एवढंच सांगेन. खोटं नाही ते."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यातही झालेले नसतील."

ती हसायला लागली. अगदी मुलीसारखी, डोळे बारीक करून. मग हसता हसता थांबली आणि तिने माझा हात धरला. तिच्या बोटांना चिखलाचा थंडपणा होता.

"नको," ती म्हणाली. "इतके दिवस त्यांच्या नावावर ढकललं. आता तुझ्या नावावर नको."

फाटक वाजलं तेव्हा ती उठली नाही.

श्रीरंगदादा घामेजून आला. त्याने ओळी बघितल्या आणि त्याचा चेहरा उजळला.

"झाले की! बघू." तो उकिडवा बसला, पहिल्या ओळीतला एक उचलून उजेडात धरला. "बाबा असते तर..." मग त्याची नजर खालच्या ओळीवर गेली. त्याच्या खालच्या. त्याने एक धारदार तुकडा उचलला आणि अंगठ्याने त्याची माती खरवडली. त्याच्या नखात ती पिवळी माती भरली. तो त्या मातीकडे बघत राहिला.

"हे बाबांचे नाहीत."

"नाहीत," आत्या म्हणाली.

"मग कुणाचे?"

"माझे."

त्याने माझ्याकडे बघितलं. बोलायची माझी जागा नव्हती.

"सकाळी तू यासाठी जातेस? दार उघडं टाकून?"

"त्या एका दिवशी विसरले दार. ढीग उचलायला ट्रॅक्टर येणार होता, म्हणून पळत गेले."

"मला सांगायचं ना आई! मी काय बांधून नेणार होतो तुला?"

"तू तारीख विचारत होतास, श्री. दर फोनला. यायचंय का, असं कधी विचारलंस?"

शेजारच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली.

"येईन मी," आत्या जरा मऊपणे म्हणाली. "येऊन राहीन, मेधाला विश्रांती देईन, तुझ्या पोरीला खेळवीन. आणि परत येईन. हे घर देऊ नकोस कुणाला."

"मास्तरांना काय सांगू?"

"सांग, आई राहते तिथे."

"आणि टेम्पो? त्याला उद्या सकाळचं सांगून आलोय."

"येऊ दे की. रिकामा कशाला पाठवतोस? विहिरीवरचे चार घमेली दगड आणून टाकेल मागे. मला हातातून किती आणवणार?"

मी ओठ दाबून हसू आवरलं. दादा हसला नाही. तो हातातला दगड तसाच धरून फरशीवर बसला. त्याची इस्त्रीची पँट ओली झाली, तरी त्याला पत्ता नव्हता.

"ठाण्याला झोप नाही लागली ना," तो सावकाश म्हणाला, "की मी हे आठवायचो. बाबांनी लावलेला ड्रम अजून चाललाय. त्यांचे दगड अजून फिरतायत. तेवढंच एक चालू आहे त्यांचं, असं वाटायचं."

आत्याचा चेहरा बदलला. हे तिच्या हिशेबात नव्हतं, ते मला दिसलं. सगळ्यांना गप्प बसवणारी तिची गोष्ट कुणीतरी इतकी जवळ घेऊन झोपत असेल, असं तिच्या मनातही आलं नसावं.

"पोरींकडून मागून आणू का रे?" ती म्हणाली. "देतील त्या."

दादाने मान हलवली. "नको. खेळू दे."

आत्या उठली, कंबरेला पदर खोचला आणि दगड पुन्हा ड्रममध्ये भरायला लागली. आधी मोठे, मग त्यांच्या फटींत लहान. मी पाणी ओतलं. तिने पूड मोजून टाकली, झाकण हातात घेतलं, आत डोकावली.

"पाव ड्रम मोकळा राहतोय," ती म्हणाली. "श्री, तिकडे पेरूखाली परवा आणलेला ढीग आहे. त्यातला एक आण बरं निवडून."

"मी?"

"मग काय वैजू आणणार? ती पाहुणी आहे."

तो उठला. पेरूच्या सावलीत तो त्या ढिगाजवळ अवघडून उभा राहिला, हात मागे बांधून, दुकानात भाव न विचारता माल बघणाऱ्या माणसासारखा. मग वाकला आणि एक घेऊन आला. फिकट गुलाबी, स्फटिकांच्या पाकळ्या असलेला, फार देखणा. आत्याने स्वयंपाकघरातली सुरी आणून त्याच्या कडेवर ओढली. पांढरी रेघ उमटली.

"हा मऊ आहे. आठवड्याभरात चिखल होईल याचा. खिडकीत ठेव, छान दिसेल. दुसरा बघ."

तो परत गेला. या वेळी तो खाली बसला. एक उलटा केला, बाजूला ठेवला. दुसरा उचलून वजन केल्यासारखा हातात खालीवर केला. लांबूनच वर करून दाखवला.

"हा?"

आत्याने मान हलवली.

"का?"

"चीर आहे मधून. मला इथून दिसतेय."

तो पुन्हा ढिगाकडे वळला. आता त्याने बाह्या वर सारल्या होत्या. उजेड पेरूच्या पानांमधून त्याच्या पाठीवर पडत होता, आणि मला आम्हा तिघांचं ते असं थांबणं फार लांबचं वाटलं, जणू तेव्हाच ते आठवणीत जाऊन बसलं होतं. आम्ही दोघी उघड्या ड्रमपाशी बसून होतो. तो दगड दाखवायचा, ती मान हलवायची, तो वाद घालायचा, पुन्हा शोधायला लागायचा.

मग त्याने एक उचलला, मळकट, काहीच न दिसणारा, आणि तो बराच वेळ हातात फिरवत राहिला. या वेळी त्याने लांबून विचारलं नाही. तो घेऊन आला आणि आत्यासमोर धरला.

तिने मान हलवली नाही. तिने नुसता हात पुढे केला.